लाइनमनची गाठ

कूलरच्या फुटक्या टाकीत ढेमसं,
हेल्मेटात सांभार.
हेल्मेट पिवळं, वीज ऑफिसचं. जमा करायचं राहून गेलं
की यांनीच राहू दिलं,
मी विचारलं नाही.

हुडकेश्वरच्या या गच्चीवर
मार्चपासून आमचा संसार सरकलाय.
सकाळी सहाला पाणी :
तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, कूलरच्या तळाशी उरलेलं.
नळ एक दिवसाआड येतो,
दोडक्याला ते सांगून कळत नाही.

मे महिन्यात पानं दुपारी कान पाडतात
कुत्र्यासारखी.
"मेलं बहुतेक," मी म्हणते.
"सांजी पाह्यजो," हे म्हणतात.

नवतपा लागला. चौथ्या दिवशी
वारा पडला. असा पडला की
दोरीवरचा टॉवेल फोटोतल्यासारखा.
पश्चिमेला आभाळ वांग्याच्या रंगाचं;
आमच्या नाही, आमची वांगी हिरवट पांढरी,
बाजारातल्या वांग्यांच्या.

एकतीस वर्षं हा रंग दिसला की
मी डबा भरायची.
पोळ्या, ठेचा, कांदा.
फोन वाजायच्या आधी यांच्या पायात बूट.
मग रात्रभर अंधारात बसून
ज्या बाजूला दिवे लागत
त्या बाजूला हे आहेत, असं धरून चालायची.

या वेळी फोन वाजला नाही.
हे तरी उठले, बूट घातले,
फाटकापर्यंत गेले,
खांबाकडे पाहून परत आले
आणि जिना चढले.

काय बांधलं म्हणता त्या दहा मिनिटांत!
दोडक्याच्या मांडवाला जुन्या सर्व्हिस वायरचे तीन फेरे,
खाली ताण, ताणाला वीट.
टमाटरचे सात डबे भिंतीशी
पोरं प्रार्थनेला उभी करावी तसे.
"वारा अंबाझरीकडून येते," म्हणाले, "तिकडं पाठ कर."
डब्यांना की मला, कोण जाणे.

आलं मग वारं-वावधन.
आधी धूळ, मग कुणाचा तरी पत्रा किंचाळला,
दिवे गेले,
आणि गारा. सुपानं बोरं ओतावी
तशा टिनावर.
आम्ही जिन्याच्या दाराआड.
हे एकेक आवाज ओळखत होते :
"ही निंबाची फांदी. ही ठवकरची डिश.
हा जम्पर तुटला. मानेवाड्याचा फीडर गेला."
"आणि हा?" मी विचारलं.
जरा ऐकून म्हणाले, "टमाटर."

सकाळी सातही डबे आडवे.
मिरची उभी, पण एकही पान नाही,
शाळेतून टक्कल करून पाठवलेल्या पोरासारखी.
सांभार चिखलात तोंड घालून निजलेला.
आणि वांग्यांवर कुणाची तरी हिरवी जाळी
उडत येऊन नेमकी पांघरलेली;
खाली एक पान दुखावलं नव्हतं.
ठवकरांची सून प्रांजू न्यायला आली.
"काकू, आमची गवार गेली," म्हणाली,
"जाळी तुमच्या कामी आली."
मला चोरी पकडल्यासारखं झालं.
ढेमसं दिली तिला. चार होती, चारही.

मांडव मात्र होता तिथं होता.
हे तारेची गाठ बोटानं वाजवून पाहत होते,
तेवढ्यात खाली खांबावर एक नवा पोरगा चढताना दिसला,
पट्टा कमरेला नुसता लोंबता.
"ए बाबू! पट्टा! आधी पट्टा!"
गल्ली दचकली. पोरानं वर पाहिलं,
शेवग्याच्या शेंगेएवढा पोरगा,
आणि मुकाट पट्टा लावला.

मोडल्या झाडांची कच्ची टमाटरं वेचली,
तीळ, जिरं, भिवापुरी मिरची, चटणी वाटली.
सात डबे, दोन महिने, एक वाटी.
त्यातली अर्धी यांनी झाकून ठेवली.
दिवे दीडला आले.
जिन्याखाली कुणी तरी पाणी मागत होतं.
मी कणीक
जरा जास्तच भिजवली होती.