हिरवं दार

सहावा तास. जेवणाचा हॉल आणि रंगमंच
आमच्या शाळेत एकच.
पडद्याला अजून दुपारच्या पिझ्झाचा वास,
खिडकीबाहेर कापून झालेला मका,
त्यापलीकडे मालगाडी, संपता संपत नाही.

मी मुळात भूमितीचा मास्तर.
नाटकाच्या बाई ओमाहाला गेल्या, जागा भरलीच नाही.
प्राचार्य म्हणाले, हावेल्का, तुमचा आवाज मोठा आहे.
तेवढ्या भांडवलावर उभा आहे इथे.

ऑगस्टपासून शिकवलं ते इतकंच:
वाक्याचं शेपूट गिळू नका.
दुसरा बोलत असताना आपली पाळी मोजू नका.
मरायचं असेल तर आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा,
डोकं सगळ्यांत शेवटी.
पोरं आता मरण्यात तरबेज झालीत.
साधं खुर्चीवर बसायला सांगितलं
की हातांचं काय करायचं ते कळत नाही.

आज कपाटामागून दार ओढून काढलं.
नुसतंच दार, चौकटीसकट, हिरवं,
कुठल्या तरी जुन्या प्रयोगातलं.
खाली चार चाकं, त्यातलं एक अडतं.
म्हटलं, एकेकाने आत या.
तोंडातून शब्द नको.
घरात कोण आहे, ते आम्हाला दिसलं पाहिजे.

डेल्टनने दप्तर भिरकावलं,
फ्रिज उघडला, आणि नुसता बघत राहिला आत.
कोणी नाही घरी! सगळे ओरडले. बरोबर.

हिबाकने उंबऱ्याशी बूट काढले, जोडीने लावले.
मग शेजारचे, आम्हाला न दिसणारे, लावत गेली:
दोन, चार, सात जोड.
शेवटचा एवढासा, की दोन बोटांत उचलला.
कोणी हसलं नाही. आम्ही मोजत होतो.

देल्फिना पाठमोरी आत आली,
कडीचा आवाज होऊ न देता.
मग हात धुतले. कोपरापर्यंत. खूप वेळ.
मनगट दाबलं अंगठ्याने, पुन्हा धुतले.
असे हात कोण धुतं ते या गावात कुणाला सांगावं लागत नाही:
मांसाच्या कारखान्याची दुसरी पाळी, घरी यायला रात्रीचा दीड.
पण ही तू नाहीस, डेल्टन म्हणाला.
नाही, ही आई, ती म्हणाली.
घरात मी आहे.
तिला वाटतं मी झोपलेय.

मग कॉर्बिन.
तो दारामागे गेला तो गेलाच.
फटीतून त्याचे बूट दिसत होते.
मूठ फिरली, परत जागेवर आली.
पुन्हा अर्धी फिरली.
मी पेन्सिल घेऊन बसलेलो, 'प्रवेश'च्या रकान्यावर.
दोन मिनिटं झाली. कुणीतरी खोकलं.
कॉर्बिन, येतोयस ना?
पलीकडून आवाज आला, अगदी हळू,
पण वाक्याचं शेपूट न गिळता:
सर, मी अजून ऐकतोय.

घरात कोण आहे ते कळलं.
हिबाकने मान खाली घातली.
मालगाडी गेली होती केव्हाच.
मला काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, छान, आणि लगेच जीभ चावली.

घंटा झाली. पोरं दाराला वळसा घालून गेली,
एकटा डेल्टन आरपार.
कॉर्बिन मागे राहिला, ते अडणारं चाक बघत.
असं नाही सर, तिरकं धरा, म्हणाला.
आम्ही दोघांनी ते कपाटामागे नेलं.
त्याची बाजू वर होती, माझी खाली,
आणि जड बाजू कुठली ते मला सांगता आलं नसतं.

बस निघून गेल्यावर
समुपदेशक बाईंच्या खोलीशी आलो.
मूठ वर केली.
आत कोणीतरी फोनवर हसत होतं.
थोडा वेळ मीही ऐकत राहिलो.
मग दार वाजवलं.