तोंडओळख

हॉकीच्या बर्फावर फळ्या टाकून
त्यावर बांधकामाचं प्रदर्शन मांडलंय.
पोर्टलंड, मेन. मार्च महिना.
सकाळपासून बुटांच्या तळव्यांतून गारवा वर चढतोय
आणि मी, नोरीन पेलेटिये,
काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या फटीत भरायचं रबर
येईल त्याच्यापुढे धरतेय.
'दाबा, दाबा. परत फुगतं.'
एकशेचाळीस जणांनी दाबलं.
ऑर्डर एकाचीही नाही.

साडेबाराला भोंगा.
तोही हॉकीचाच, गोल झाल्यावर वाजणारा.
लांबच लांब टेबलं, कागदात गुंडाळलेले पाव
आणि माईकवर एक उत्साही बाई:
'ओळखीच्या माणसाशेजारी कुणीही बसू नका!'
म्हणजे जेवण हे निमित्त.
घास तोंडात असतानाच कार्डं पुढे येतात,
डावा हात तेलकट,
उजवा हस्तांदोलनासाठी कोरडा राखलेला.

ओहायोचा एक खिडक्यांचा व्यापारी कागद उलगडतो:
मऊ लांब पाव, हॅम, पिवळं चीज,
ढोबळी मिरचीचे जाड काप, आंबट काकडी,
काळे ऑलिव्ह, वरून तेलाची धार.
'ह्याला तुम्ही इटालियन म्हणता?
ह्यात इटलीचं आहे काय?'

'गिऱ्हाईक,' समोरचा म्हातारा म्हणतो.

खाली बंदरावर फरसबंदी चालली होती तेव्हा.
सव्वाशे वर्षं होत आली.
दगड बसवणारी पोरं इटलीची,
दिवसभर गुडघ्यांवर.
एक जण हातगाडीवर पाव विकायचा. नुसता पाव.
त्याला म्हणे कुणीतरी म्हणालं,
मधोमध चीर दे की लेका, आणि भर काहीतरी.

'कोण म्हणालं?' ओहायो विचारतो.

'गाडीवाल्याचं नाव राहिलं.
मागणाऱ्याचं कोण लिहून ठेवतो?'
मग त्याने आपला पाव टेबलावर आडवा ठेवला,
वीत टाकून मोजला.
'फरशीच्या दगडाएवढाच असतो, आजोबा सांगायचे.'
जरा थांबून:
'आजोबा पुष्कळ काही सांगायचे.'

टेबलाच्या टोकाला लिबान वार्सामे.
लुइस्टनचा. प्लास्टरबोर्डाची कामं घेतो.
त्याने कागद उघडला, हॅम पाहिलं,
होत्या त्याच घड्यांवर कागद परत मिटला,
आणि कार्डांची चवड सरळ करत बसला.
मी पाहिलं.
पाहून रबराविषयी बोलत राहिले,
उणे तीस अंशांतही कसं तडकत नाही, वगैरे.

म्हातारा उठला.
वाढपी पोरांना बाजूला सारत थेट आत गेला,
आला तेव्हा एका हातात कोरा पाव,
दुसऱ्यात टोमॅटो-मिरचीचा कागदी पेला,
काखेत धुतलेली सुरी.
'ह्याला कशाचा हात लागलेला नाही.
चीर कुठे द्यायची, तू सांग.'

लिबान पहिल्यांदा हसला.
'मधोमध,' म्हणाला. 'आणि मिरची जास्त.'
मग त्याने कोटाच्या खिशातून एक बुटकी बाटली काढली,
आईने केलेलं हिरवं बसबास.
बाटली टेबलभर फिरली.
ओहायोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी;
त्याच अवस्थेत त्याने आणखी मागितलं.
कार्डं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.
माझं तेलात पडून पारदर्शक झालं,
नंबर मागच्या बाजूनेही दिसू लागला, उलटा.
लिबानने ते टिपून खिशात टाकलं.

एप्रिलात त्याचा फोन आला.
मी रबराची भावपट्टी शोधू लागले.
'ते नंतर,' तो म्हणाला.
'त्या म्हाताऱ्याचा नंबर आहे तुमच्याकडे?
आईने त्याच्यासाठी बाटली भरून ठेवलीय.'

नव्हता.
आठवून पाहिलं: गळ्यातल्या बिल्ल्यावर
नावाच्या जागी
नुसतं 'पाहुणा' छापलं होतं.