खापरावरची पृथ्वी

चोपड्याच्या जुन्या जिनिंगच्या गोदामाला
आम्ही संग्रहालय म्हणू लागलो, तेव्हा आत होता
सरकीचा शिळा वास, दोन वटवाघळं
आणि जिल्ह्याहून आलेल्या बारा पत्र्याच्या पाट्या :
वस्तूंना हात लावू नये.
वस्तू अजून एकही नव्हती.

सुपडू मिस्त्रीने तुळईला दोर बांधला,
दोराला सलाइनची रिकामी बाटली,
बाटलीत तापीची रेती, चहाच्या गाळणीने तीनदा गाळलेली.
पहिल्या दिवशी भोक चोंदलं.
दुसऱ्या दिवशी ते मोठं झालं
आणि सगळी रेती एकाच जागी भस्सकन.
तिसऱ्या दिवशी तिरपा झोका दिला
तर फरशीवर उमटत गेलं लांबट वर्तुळ,
त्याच्या आत दुसरं, किंचित कलून,
आणि मग तिसरं, चौथं,
घाई नसलेल्या बाईने रांगोळी घालावी तसं.
मिस्त्री बराच वेळ उकिडवा बसून होता.
म्हणाला, दोर वीतभर आखूड करून बघू?
आयुष्यभर त्याने दोर फक्त मजबूत आहे का ते पाहिलं होतं.

केवळबाई आली शनिवारी, डोक्यावर दोन खापरं घेऊन.
एक चुलीवर पालथं घातलं,
दुसरं, गार, पोरांच्या पुढ्यात :
याच्यावर काढा तुमची पृथ्वी.
खडूने काढली. आफ्रिका भरताच्या वांग्यासारखी.
भारत बरा जमला, पण त्यात चोपडा
जवळजवळ दिल्लीपर्यंत.
समुद्र कुणालाच काढायचा नव्हता,
निर्मी पावरा म्हणाली मी काढते,
तिने तो बघितला नव्हता.

केळीच्या खुंटाचा कागद, आम्हीच लाटलेला,
ओला करून खापरावर चढवला, दाबला, उचलला
आणि टेबलावर सपाट करताना
वरून टरकन फाटला. उत्तर ध्रुवापासून
थेट कुठल्यातरी देशाच्या पोटात.
निर्मीचे डोळे भरले. तिला वाटलं तिने फाडला.
केवळबाईने चुलीतून मान वर केली :
‘गोल शे ते. सपाट करशी ते कोठे ना कोठे फाटीच.’

मी हे शिकवायला तीन फळे भरून लिहिले होते.

मग तिने कणिक घेतली, हळदीने त्यावर चौकोन आखले,
आणि मांडा हातांवर झेलू लागली,
मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून परत,
कणकेला स्वतःचंच वजन खाली ओढत होतं
आणि ती फक्त वाट मोकळी करून देत होती.
खापरावर टाकला तेव्हा फाटला नाही.
पण कडेचे चौकोन चौकोन राहिले नाहीत,
लांबोळके झाले, लंगोटीसारखे, एक पोरगा ओरडला, सगळे हसले.
निर्मी हसली नाही. तिने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं,
वरच्या त्या बर्फाच्या देशाकडे,
आणि विचारलं, हा खरंच एवढा मोठा आहे
की यालापण कुणी ताणलाय?

मंगळवारी साहेब आले, रजिस्टर घेऊन.
रजिस्टरात दोन रकाने : विज्ञान, कला.
रेतीची बाटली कशात? विचार करून त्यांनी दोन्ही मोकळे सोडले.
खापर कशात? स्वयंपाक असा रकाना नव्हता.
मांडा त्यांनी खाल्ला, तूप थोडं आणखी मागितलं,
मग आठवल्यासारखं म्हणाले,
बारा पाट्या पाठवल्या होत्या, त्या दिसत नाहीत.

केवळबाईने हनुवटीने दाखवलं.
वाऱ्याच्या बाजूला, चुलीला आडोसा म्हणून,
ओळीने उभ्या होत्या, अक्षरं विस्तवाकडे करून.
साहेबांनी वाकून एक ओढायला हात घातला.

पत्रा तापलेला होता.

निर्मी धावत आली, त्यांच्या बोटांवर
कणकेचा गार गोळा दाबून धरला
आणि मोठ्याने आकडे मोजू लागली,
किती वेळात चटका थांबतो ते.