कोठीला टेकवून

सात हजार आठशे, कुरियरचे वेगळे.
वडसा स्टँडवरून मोटारसायकलला आडवा बांधून आणला,
तर फाट्यावर मुखरू बोरकुटे:
"एवढा चपटा सबमर्शिबल कोनत्या बोरीचा गा?"
वाजवायचं आहे, म्हटलं.
"नाव काय?"
बास.
"सांगाचं नसन तं राहू दे."

रंग जुन्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा, फिकट हिरवा.
बटणं आजोबांच्या रेडिओची.
कारखान्यातून परवाच निघालेला,
पण अंगात साठ वर्षांपूर्वीचा कोट.
निरूपा म्हणाली, नव्याचे पैसे देऊन जुनं आणलं,
घरात जुनं काय कमी होतं?
आणि बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं.
मग तिनं तारा मोजल्या.
"दोन कोनं काढून घेतल्या?"

मी मोटारी भरतो.
जळकी तार सोलून काढायची, नवी घालायची,
वार्निश, उन्हात वाळवण.
तीस वर्षं बोटांना तांब्याचा वास.
म्हणून पहिल्याच रात्री स्क्रू काढून आत पाहिलं:
लोहचुंबक,
आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेचे
हजारो वेढे.
अरे, हा तर आपल्याच भावकीतला!
मोटारीत वीज घातली की पाणी निघतं,
इथे तार हलवली की वीज निघते,
एवढाच काय तो फरक.

स्वस्तातला आहे, घूं करतो.
तोच घूं, बांधावरच्या डीपीखाली उभं राहिलं
की कानात बसतो तो.
तारेवर बोट ठेवलं की गप्प,
उचललं की पुन्हा सुरू.
धाकटा तापात असंच करायचा,
पाठीवरचा हात काढला की कण्हायचा.
त्या रात्री मी काहीच वाजवलं नाही,
नुसता हात ठेवून बसलो.

मंडईच्या नाटकात पहिल्यांदा वाजवला.
स्टेजपुढच्या खड्ड्यात मुखरूचा ऑर्गन,
हिरामण लोनबलेचा ऑक्टोपॅड,
आणि अंधाराच्या बाजूला मी.
नायिका रडली, खलनायक दोनदा मेला,
शिट्ट्या पडल्या, शंभराची नोट आली
ती ऑर्गनवर.
मला कोणी ऐकलं नाही.
तिसऱ्या अंकात कुणाचा तरी पाय अडकून पिन निघाली
आणि मी बंद पडलो.
मागच्या तट्ट्यावरून एक म्हातारी,
थंडीनं डोक्यावरून चादर घेतलेली, ओरडली,
"काय थांबलं गा? पोटातलं थांबलं."

पण नाटक एका रात्रीचं.
बाकी रात्री आमच्याकडे लाइन नसते,
आणि लाइन नसली की हा खेळण्यातला,
त्याच्यापेक्षा डास मोठ्यानं वाजतो.
एकदा कंटाळून त्याची मान कोठीला टेकवली,
पत्र्याची, धानाची, सासऱ्यानं दिलेली
(एका बाजूला पोचा आहे, तो माझाच).
खालची तार छेडली
आणि सगळी खोली हुंकारली.
निरूपा भाकर थापायची थांबली.
मांजर बाहेर गेलं, ते सकाळी आलं.

आता असाच वाजवतो.
आषाढात कोठी रिकामी असते,
आवाज लांब जातो,
मांडणीवरची ताटं मागाहून थरथरतात.
मार्गशीर्षात भरते, तेव्हा
जाड, आखूड,
जेवून कुशीवर झोपलेल्या माणसासारखा.
सूर मला अजून नीट लागत नाही,
हिरामण म्हणतो, तू वाजवतोस की मोटार तपासतोस.
पण किती धान उरलं
ते झाकण न काढता मला कळतं,
असं मी समजत होतो.

काल निरूपा गिरणीला न्यायचं धान काढायला
टोपलं घेऊन आली,
आणि कोठीपाशी थांबली.
"वाजव," म्हणाली.
मी खालची तार छेडली.
तिनं पत्र्यावर तळवा ठेवला,
आवाज विरेपर्यंत काढला नाही.
"मिरगापर्यंत," म्हणाली.

मी तर आखाडी धरली होती.