ताल : लागू नाही

परीक्षकाच्या कागदावर चार रकाने होते :
सूर, ताल, रचना, सादरीकरण.
प्रत्येकी दहा.
खाली बँकेचा शिक्का
आणि कुणाच्या तरी कपाचा ओला गोल.

स्पर्धक क्रमांक सतरा. सन्मती चौगुले, कुपवाड.
वाद्य : लॅपटॉप.
विश्रामबागेतल्या त्या हॉलमध्ये पोरगा आला,
वायर खोचली, एक बटण दाबलं
आणि हात मागे बांधून उभा राहिला,
वर्गाबाहेर काढल्यासारखा.

पहिलं दीड मिनिट काहीच झालं नाही.
म्हणजे नुसतं घूंऽ होतं.
शेजारी गुरव सर मांडीवर सम शोधत होते,
बोट दोनदा उठलं, परत टेकलं.
तिसऱ्या परीक्षक बाईंनी विचारलं,
"सुरू झालंय, का अजून टेस्टिंगच?"

मला ते ओळखीचं होतं.
स्टुडिओत आम्ही त्याला हम म्हणायचो.
सांगली आकाशवाणीत एकतीस वर्षं
मी पगार घेतला तो ह्याला हाकलण्याचा.
अर्थिंग बघा, केबल फिरवा, ट्यूबचा चोक बदला,
कीर्तनकार खोळंबलेत
आणि मी टेबलाखाली पालथा पडून
ह्याची शेपटी शोधतोय.
पांढरी पाचच्या किंचित वर.
जन्मभर ज्याला घाण म्हटलं
त्याचाच ह्या पोरानं षड्ज धरला होता.

मग त्या षड्जापाशी एकेक येऊन बसू लागलं.
हळद पॉलिश करायचा ड्रम, लांबचा.
बापाच्या दुकानातलं वाइंडिंगचं मशीन, वेढे मोजत.
तांब्याच्या तारेचा एक ताणलेला स्वर,
जो पंचम होता होता राहिला,
आणि राहिला ते बरं झालं.

चौथ्या मिनिटाला पक्षी आला.
इथं मी पेन उचललं.
हा पक्षी आपल्याकडचा नाही. फुकट मिळालेला आहे,
कुठल्यातरी बर्फाच्या देशातला,
आणि त्याच्याभोवती घुमारा एवढा
की कुपवाडच्या पत्र्याच्या शेडला
एकदम घुमट फुटला.
पोरा, पत्रा असा घुमत नाही.
पत्रा झणाणतो आणि गप्प होतो.
तेवढंच ठेवायचं होतंस.
अर्धा गुण वजा. थोड्या विचारानं, एक.

सहाव्या मिनिटाला हम थांबला.
थांबला तेव्हा कळलं,
आपण इतका वेळ त्याला टेकून बसलो होतो.
हॉलमधला पंखा ऐकू आला. एक बांगडी.
आणि स्पीकरमधून, माइकपासून दूर,
कुणी बाई, त्याची आई असेल,
भांडं खाली ठेवत म्हणाली,
"गेली."

लाइट गेली होती, एवढंच.
मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर
नर्सनं मला हाच शब्द सांगितला होता,
असाच, हातातलं काम न थांबवता.
तेव्हा ह्या अकरा सेकंदांना गुण द्यायला
मी लायक माणूस नाही.
तसं समासात लिहिलंही. मग खोडलं.
कागद बँकेचा होता.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद. मर्यादा आठची.
टाळ्या कुठून सुरू करायच्या
हे कुणालाच कळलं नाही, म्हणून त्या तुटक झाल्या.
वायर गुंडाळताना त्याला गाठून विचारलं,
"मधली ती बाई, मुद्दाम ठेवलीस?"
तो ओशाळला.
"काढायची ऱ्हाऊन गेली, सर."

रचनेपुढे मी आधीच आठ लिहिले होते.
पेन बराच वेळ त्या आठावर धरून ठेवलं.
ते आठ तसेच राहू दिले.
तालापुढे लिहिलं : लागू नाही.
गुरव सर म्हणाले, बेरीज कशी करायची मग?

पहिला नंबर बासरीला गेला.
वाजवलीही चांगली होती, तक्रार नाही.

घरी आलो. पाणी प्यायला उठलो
आणि दार न उघडता फ्रिजपाशी उभा राहिलो.
पांढरी पाच.
नाही, किंचित वर.