काचेला विचारते

माझी आविनो सोळाची.
जन्मली तेव्हा नाळ गळ्याभोवती होती,
अशा पोरीला आमच्यात जे नाव ठेवतात, ते ठेवलं.
आता तिच्या मांडीवर पंधरा दिवसांचा मुलगा,
आणि पाच महिने झाले,
मी तिच्याशी एक शब्द बोललेली नाही.

रात्री म्बितासमोर पाण्यावर ओमेनावाल्यांचे दिवे लागतात,
सरोवरात जणू गावच वसतं.
आणि पडद्यापलीकडे अजून एक दिवा,
तिचा तडकलेला फोन.
लिहिताना ओठ हलवायची खोड तिला शाळेपासूनची.
मी ऐकते.

रक्त किती दिवस जातं.
नाळेला राख लावावी का.
बाळ झोपलं की मला रडू येतं, हे

आणि तिथंच थांबते.
पुढचं वाक्य फोननंच पुरं केलेलं असतं.
"बघ," बाळाला म्हणते,
"कुणीतरी आधीच विचारलंय."

मी बाजारात डब्याच्या मापानं मासळी मोजते,
ही पाणी मोजते.
दर पाजण्याला एक पेला,
दारावर कोळशाची एक रेघ.
लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही म्हणे.
मी कप पुढे सरकवला
तर तासभर त्याच्याकडे बघत बसते
आणि गारढोण पिते.

काचेतली बाई जाड गुलाबी चटईवर पाय उचलते,
सॅमन खा म्हणते.
आमची लव्हाळ्याच्या चटईवर, गुडघे दुमडून.
तिनं विचारलं, काचेलाच,
ओमेना चालेल का?
चालेल. काट्यासकट.
मला हसू आलं. वीस वर्षं वाळवतेय मी ते,
एका शब्दात सांगितलं असतं.
सांगितलं असतं.

नळाच्या रांगेत डबा घेऊन ताठ उभी राहते,
चेहरा कोरा, ओठांवर आकडे.
बायकांना वाटतं, पोर सुधारली, प्रार्थना करते.
लघवी रोखल्यासारखं आत ओढायचं,
पाच मोजायचे, सोडायचं.
सहा बाळंतपणांत मला हे कुणी शिकवलं नाही.
मी अजून खोकताना पाय आवळते.
परवा तिच्या मागं उभी राहून
मीही मोजलं.

रूसिंगाची आजवांग, सतराची,
तिची मैत्रीण, ओळख फोनमधलीच.
मंगळवारी रात्री तिचा आवाज आला, सुतासारखा बारीक:
तासात दोन पॅड भिजले,
सासू म्हणते घाणच आहे, जाऊ दे.
आविनो ताडकन उठून बसली.
"जाऊ दे नाही. तू जा.
आत्ता. मोटरसायकल बोलाव. सासूला काय सांगायचं ते नंतर सांग."

मग बारा वाजले.
वीस शिलिंगांचं नेट संपलं.
काच काळी.
पोर रडायला लागलं आणि ती जागची हलेना.

माझा फोन बटणांचा.
त्यात जाळ्याच्या हप्त्याचे पैसे.
अक्षरं मला येत नाहीत, आकडे येतात,
तिचा नंबर तर तोंडपाठ,
पाच महिने न लावलेला.
अंधारात अंगठ्यानं चाचपत
एकेक आकडा दाबला.

पलीकडे टिंग वाजलं.
पडदा हलला नाही.
बाळाचं रडणं मात्र
हळूहळू चोखण्याच्या आवाजात गेलं.

दिवे विझवून नावा परत येत होत्या
तेव्हा उत्तर आलं.
आजवांगचंच, दवाखान्यातून:
सलाइन चाललंय. तू पाणी पी.

मी पेला भरला. पडदा सारला.
ती माझ्याकडे बघत राहिली,
डोळे सुजलेले, अंगावर बाळ.
बोलायचं तर होतं,
पण पाच महिन्यांचं तोंड, गंजलेलं,
त्यातून भलतंच बाहेर पडलं:

"त्या काचेला विचार,
सहा पोरं झाल्यावर, या वयात,
पाच मोजून काही उपयोग होतो का?"

फोन तिनं उचलला.
आणि ओठ हलवत
लिहू लागली.