बक्षीस मिळालेलं काहीतरी

हिउमा बेटावर मंगळवाराआड
मी ग्रंथालयाची बस घेऊन फिरते.
एमास्तेला चाळीस मिनिटं थांबा,
दुधाचे कॅन ठेवायच्या जुन्या फळकुटापाशी;
दूध आता टँकरमधून जातं, फळकूट तेवढं राहिलंय.
तिथे मार्चमध्ये एन्डेल आला,
पायरीवर बूट आपटून बर्फ झाडत,
"बक्षीस मिळालेलं काहीतरी दे.
मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही नुसतं हवामान वाचता."

बक्षीसवाली तीन होती.
एकात म्हातारा मरतो, ते मी हळूच मागे सरकवलं.
एक त्याच्या चष्म्याला झेपलं नसतं.
उरलं ते दिलं.
वर सोनेरी गोल कागद चिकटवलेला,
मागे परीक्षकांचं वाक्य, मौनाचं महाकाव्य की कायसं.
"कसं आहे?"
"सुरेख," मी म्हणाले.
उचलली जीभ.
मी ते उघडलंही नव्हतं.

दोन फेऱ्या तो फिरकला नाही.
तिसरीला आला, पुस्तक काखेत,
मासा गुंडाळावा तसं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
"तीनशे पानं एक बाई भिंत बांधते.
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.
मी चव्वेचाळीस वर्षं हेच केलं, म्हणून सांगतो,
तिची भिंत पहिल्याच हिवाळ्यात ढासळेल.
पायाला बारके दगड घातलेत बाईने!
पाच परीक्षक, आणि पाचांत एकानेही
जन्मात धोंडा उचललेला नाही."

मायमू मागे उभी होती, हातात लोणच्यांचं पुस्तक.
"म्हणजे वाईट आहे?"
तो गप्प. बसचा हीटर घरघरत राहिला.
"वाईट म्हणालो का मी?
बांधते चुकीचं. पण ज्या दिवशी नवऱ्याचं जाकीट
कुणाला तरी देऊन टाकायचं असतं,
त्या दिवशी ती अंधार पडला तरी थांबत नाही.
ते बरोबर आहे.
वाच तू. पहिली साठ पानं सोड.
साठ नको, चाळीस.
पन्नासाव्यावर कुत्रा येतो, तो चुकवू नकोस."

रात्री कार्द्लाच्या गॅरेजमध्ये
परत आलेली पुस्तकं तपासताना दिसलं,
समासात पेन्सिल.
पान एकोणीस: हा दगड फिरवायला हवा.
पान सत्तर: पावसात हे कुणी करत नाही.
एकशे बारावर भिंतीचा छेद काढलेला,
बाण, मापं, सगळं सेंटीमीटरमध्ये.
मग शंभरेक पानं कोरी.
दोनशे चौदावर एका ओळीशेजारी
नुसतं: हो.

ओळ अगदी साधी. बाई हातमोजे शोधते, इतकंच.
नियमाप्रमाणे खोडायचं असतं.
खोडरबर माझ्या खिशात होतं.

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली,
ड्रायव्हरच्या सीटवर, अंगात कोट तसाच.
गॅरेजचा दिवा हालचाल नसली की विझतो;
दर थोड्या वेळाने अंधारात हात हलवत होते,
लांबून कुणाला वाटलं असतं, ही निरोप देतेय.
वाक्यं लांब होती, काही उगीच लांब.
कंटाळा आला, खरं सांगते, दोनदा.
कुत्रा खरंच चांगला आहे.
दोनशे चौदाला पोचले तेव्हा
ते हातमोजे कुणाचे, हे मला ठाऊक होतं,
आणि ते सापडू नयेत असं वाटत होतं.

पुढच्या फेरीला मायमूने तेच मागितलं.
मुखपृष्ठावर आता फिकट वर्तुळ तेवढं आहे;
सोनेरी कागद एन्डेलच्या थर्मासवर दिसला,
मी विचारलं नाही.
"बक्षीस कसलं मिळालंय याला?"
"आठवत नाही."
"आणि कसं आहे?"
"भिंत चुकीची आहे," मी म्हणाले.
"मला कुठे बांधायचीय," ती म्हणाली,
आणि पिशवीत पावाखाली पुस्तक ठेवलं,
मग काढून वर ठेवलं.